पहिलं गाणं सोडायच्या आधी: खान्देशातल्या लिहित्या-गात्या मंडळींसाठी तयारीची यादी

स्वतः लिहिणारी, स्वतः चाल बांधणारी आणि स्वतःच गाणारी पोरं-पोरी आता जळगाव, धुळे, नंदुरबारच्या गावागावांत आहेत. त्यांतली बरीच गाणं तयार झालं की त्याच रात्री यूट्यूबवर टाकून मोकळी होतात. गाणं चांगलं असतं, चालतंही, पण महिन्याभराने गाणाऱ्याचं नाव कुणाला सांगता येत नाही. याचं मला फार वाईट वाटतं, कारण हे टाळता येतं. सुरतेला उधन्यात लूमवरची रात्रपाळी संपवून कुणी खोलीवर आला, त्याने तुमचं गाणं ऐकलं आणि त्याच्या काळजाला ते भिडलं, तर पुढच्या मिनिटाला त्याने काय करायचं? दुसरं गाणं कुठे ऐकायचं, तुमचं नाव कसं शोधायचं, पुढचं गाणं आलं हे त्याला कसं कळायचं? या प्रश्नांची उत्तरं गाणं सोडायच्या आधी तयार हवीत. खालची सगळी यादी त्या एका माणसाला डोळ्यांसमोर ठेवून केली आहे.

सुरुवात भाषेपासून करा. अहिराणीत गायचं, तावडीत, लेवा गणबोलीत की प्रमाण मराठीत, हे गाणं लिहितानाच ठरवा. ‘जास्त लोकांना कळावं’ म्हणून अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं करू नका. २०११ च्या जनगणनेत खान्देशी (म्हणजे मुख्यतः अहिराणी) ही वेगळी भाषा म्हणून मोजली गेली आणि ती बोलणारे अठरा लाखांच्या वर निघाले. पहिला श्रोतावर्ग उभा करायला एवढा समाज पुष्कळ झाला. लिहून झालं की गाणं गावातल्या एखाद्या आजीला किंवा मावशीला वाचून दाखवा. ‘शे’ (अहिराणीतलं ‘आहे’) कुठे बसतो आणि कुठे खुपतो हे तिला लगेच कळतं. बागलाणातली अहिराणी आणि अमळनेरकडची अहिराणी यांच्या लकबी वेगळ्या आहेत, तेव्हा ज्या गावची बोली घेतली तिथलीच शेवटपर्यंत ठेवा. ऐकणारा पहिल्या ओळीत आपलं माणूस ओळखतो.

नाव एकच ठरवा. देवनागरीत एक आणि रोमन लिपीत एक स्पेलिंग. तेच यूट्यूबवर, तेच इन्स्टाग्रामवर, तेच स्पॉटिफायवर. आधी सगळीकडे शोधून बघा. त्याच नावाचा दुसरा गायक असेल तर तुमची गाणी त्याच्या पानावर जाऊन बसतात आणि ती सोडवून घ्यायला आठवडे जातात. अशा वेळी आडनाव किंवा गावाचं नाव जोडलेलं बरं. गाणं चढवताना भाषेच्या यादीत अहिराणी सापडली नाही तर मराठी निवडा आणि ‘अहिराणी’ हा शब्द शीर्षकात घ्या, दोन्ही लिप्यांत. आपली माणसं मोबाइलवर रोमन लिपीतच जास्त शोधतात.

आता कागद. हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण तो नीट वाचा. खान्देशात सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. गाण्याची एक वही ठेवा. प्रत्येक गाण्याचे शब्द, तारीख, आणि कुणी काय केलं ते त्यात लिहा. मित्राने चाल दिली असेल, ढोलकीवाल्याने मधला तुकडा सुचवला असेल, तर कुणाचा वाटा किती टक्के हे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. गाणं गाजायच्या आधी हे पाच मिनिटांत होतं, गाजल्यावर होत नाही. आपल्या देशात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने शब्द आणि चाल यांच्यावर कर्त्याचा हक्क ती तयार झाल्या क्षणापासून असतो, नोंदणी सक्तीची नाही. तरी पुरावा म्हणून नोंदणी करायची असेल तर शब्दांसाठी ५०० रुपये, चालीसाठी ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणासाठी २००० रुपये सरकारी शुल्क आहे. निदान पहिल्या दोन-तीन गाण्यांची तरी करून घ्या.

मोठ्या चॅनेलवाल्याचा फोन येईल. ‘गाणं आम्हाला द्या, एकरकमी पैसे घ्या, सही करा.’ एका गाण्याला लाखो व्ह्यूज मिळतीलही, पण सबस्क्राइबर त्याचे वाढतात आणि कुठल्या शहरात कोण ऐकतंय हा तपशीलही त्याच्याकडेच राहतो. द्यायचंच झालं तर करारात तीन गोष्टी बघा: मुदत किती, कुठल्या प्रदेशापुरता, आणि कुठल्या वापरासाठी. मुदत लिहिलेलीच नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता करार मानला जातो. म्हणून ‘कायमचे’, ‘जगभर’, ‘सर्व माध्यमांत’ हे शब्द दिसले की पेन खाली ठेवा आणि एखाद्या वकिलाला कागद दाखवा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकाराला आणि संगीतकाराला रॉयल्टीतल्या समान वाट्यावर पाणी सोडता येत नाही, सही केली असली तरी. गाणाऱ्या पोरांना हे कुणी सांगत नाही. हा वाटा वसूल करणारी संस्था म्हणजे आयपीआरएस. शब्द आणि चाल तुमची असेल तर तिचं सभासद व्हा.

पारंपरिक गाण्यांबद्दल एक खुलासा. कानबाईची (आपल्याकडची देवी), आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) झोक्यावरची, हळदीची पिढीजात गाणी सगळ्यांची आहेत, ती नव्याने गायला कुणाची परवानगी लागत नाही. पण कुणीतरी केलेलं ध्वनिमुद्रण उचलून त्यावर आपला आवाज चढवला तर ते त्याचं आहे. बहिणाबाई चौधरी १९५१ साली गेल्या, त्यांच्या कविता १९५२ साली छापून आल्या. कायद्यातली ६० वर्षं कशीही मोजली तरी संपली आहेत, तेव्हा त्या संग्रहातल्या ओळींना तुम्ही स्वतःची चाल लावू शकता. मात्र त्याच ओळींना आधी कुणी लावलेली चाल तुमची होत नाही. शब्द मोकळे झाले म्हणजे चालही मोकळी झाली असं नाही. नेटवरून उतरवलेल्या तयार बीटचंही (आयत्या वाजपाचंही) तसंच. तीच बीट शेकडो जणांनी घेतलेली असते. तुम्ही गाणं चढवता आणि यूट्यूबच्या कंटेंट आयडीतून (आवाज जुळवून मालक शोधणाऱ्या यंत्रणेतून) दुसऱ्याच कुणाचा दावा येतो, गाण्याचे पैसेही त्याच्याकडे वळतात. बीट घ्यायचीच तर पावती आणि परवान्याच्या अटी जपून ठेवा. त्यापेक्षा गावातला ढोलकीवाला आणि संबळवाला बोलवा. आवाजही आपला होतो आणि कटकटही राहत नाही.

ध्वनिमुद्रणासाठी पुण्या-मुंबईचा स्टुडिओ लागतोच असं नाही. घरातली सगळ्यात लहान खोली घ्या, जिच्यात कपाट, अंथरूण-पांघरूण आहे अशी. कापूस आवाज गिळतो आणि कापसाची आपल्याकडे कमी नाही. दोन गाद्या भिंतीला उभ्या करा, मागे दोरीवर जाड गोधडी टाका, पायाखाली सतरंजी. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे झणझण ऐकू आली तर आणखी एक गादी हवी. कंडेन्सर माइक असेल तर इंटरफेसवर (माइक संगणकाला जोडायच्या डब्यावर) ४८ व्होल्टचं बटण दाबलेलं आहे ना ते बघा. तोंडापासून माइक वीतभर लांब ठेवा, मध्ये पॉप फिल्टरची जाळी लावा, नाहीतर ‘प’ आणि ‘फ’ फुटतात. पंखा बंद. वैशाखात हे अवघड आहे, म्हणून पहाटे चारच्या सुमाराला गा. तेव्हा रस्ता शांत असतो, फ्रिजची घरघर तेवढी बंद करावी लागते. गाण्याआधी दहा सेकंद काहीच न बोलता नुसती खोली रेकॉर्ड करा. मागचा आवाज साफ करताना तोच नमुना कामाला येतो. आणि लोडशेडिंगचं वेळापत्रक आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

मिक्स झालं की ते स्टुडिओतल्या महाग स्पीकरवर ऐकून समाधान मानू नका. उधन्यातला तो माणूस मोबाइलच्या स्पीकरवर ऐकणार आहे, आणि त्या स्पीकरवर खालचे स्वर जवळजवळ गायब होतात. ढोलकीचा धुमा ऐकू येतो का, शब्द कळतात का, हे मोबाइलवर तपासा. मग ट्रॅक्टरच्या टेपवर लावा. स्पॉटिफाय गाण्यांची पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (गाणं किती मोठं वाजतं ते मोजायचं माप) आसपास आणून ठेवतं, यूट्यूबही फार मोठं गाणं खाली ओढतं. म्हणून निव्वळ मोठ्या आवाजासाठी गाणं चेपू नका, आवाजाचं सगळ्यात वरचं टोक उणे १ डेसिबलवर थांबवा. लग्नातल्या डीजेला द्यायची प्रत वेगळी करून घ्या, तिथलं गणित निराळं आहे. एकाच बैठकीत या फायली हातात घ्या: पूर्ण गाण्याची वेव्ह फाइल, शब्दांशिवाय नुसत्या वाजपाची, नुसत्या आवाजाची, आणि ज्या ओळीवर माणूस थांबतो तो अर्ध्या मिनिटाचा तुकडा. नुसत्या वाजपाची फाइल बरेच जण मागायला विसरतात. पुढे गॅदरिंगमधली पोरं तुमचं गाणं गायला मागतात तेव्हा तीच द्यावी लागते. सगळं दोन ठिकाणी ठेवा, एक हार्ड डिस्कवर आणि एक ऑनलाइन.

वितरकाकडे, म्हणजे तुमचं गाणं स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणाऱ्या कंपनीकडे, गाणं निदान तीन-चार आठवडे आधी द्या. स्पॉटिफायच्या संपादकांपुढे गाणं ठेवायचं असेल तर प्रकाशनाच्या किमान ७ दिवस आधी ते त्यांच्या यंत्रणेत पोचलेलं लागतं. मुखपृष्ठ चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल, त्यावर फोन नंबर किंवा जाहिरात नको. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा १२ अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो. तो वहीत उतरवून ठेवा. उद्या वितरक बदलला तर तोच क्रमांक द्यायचा, म्हणजे जुने ऐकलेले आकडे वाया जात नाहीत.

पैशाचं थोडक्यात सांगतो. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा सुरू व्हायला १००० सबस्क्राइबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४००० तास बघणं लागतं, किंवा शॉर्ट्सवर ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज. शॉर्ट्सच्या फीडमध्ये बघितलेला वेळ त्या ४००० तासांत धरत नाहीत. स्पॉटिफायवर वर्षभरात १००० वेळा न वाजलेल्या गाण्याला पैसे मिळत नाहीत. पहिली दोन वर्षं घर कार्यक्रमांवर चालेल, ऑनलाइनवर नाही, असं धरून चाला.

आता खरी गोष्ट, माणूस जोडण्याची. यूट्यूबचा सबस्क्राइबर यूट्यूबच्या हातात असतो, उद्या त्याला तुमचं गाणं दाखवायचं की नाही हे तेच ठरवतात. तुमच्या हातातली यादी वेगळी करा. व्हॉट्सॲपचं चॅनेल काढा, त्यात माणसाचा नंबर इतरांना दिसत नाही, त्यामुळे बायका-मुलीही बिनधास्त येतात. जवळच्या श्रोत्यांसाठी ब्रॉडकास्ट लिस्ट ठेवा. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात आणि ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केला आहे त्यालाच संदेश पोचतो. म्हणून कार्यक्रमात नुसतं ‘आम्हाला फॉलो करा’ म्हणू नका. क्यूआर कोडची पाटी स्टेजजवळ लावा, नंबर सेव्ह करायला सांगा, दोन मिनिटं थांबा. वहीत नाव, मूळ गाव आणि सध्याचं शहर अशा तीन रकान्यांत नोंद करा. पारोळ्याचे लोक सुरतेत किती, नाशकात किती, कल्याणला किती, हे त्यातून दिसतं आणि पहिला बाहेरगावचा कार्यक्रम कुठे धरायचा ते कळतं. या कामासाठी सिम वेगळं घ्या. मुलींनी तर घ्यावंच, आणि घराची पाटी, गल्ली, गाडीचा नंबर व्हिडिओत येऊ देऊ नका.

लहान व्हिडिओ गाण्याआधी शूट झालेले हवेत, नंतर धावपळ होते. उभे, अर्ध्या मिनिटाच्या आत, सात-आठ तरी. तापीचा काठ, रावेर-यावलची केळीची बाग, कापसाची भरलेली गाडी हे सगळं घ्या. मात्र बागवाल्याला आधी विचारा आणि व्हिडिओत त्याचे आभार माना, मग तोही तो व्हिडिओ पुढे पाठवतो. प्रत्येक व्हिडिओवर शब्द देवनागरीत लिहा. सुरतेत जन्मलेल्या आपल्या पोरांना अहिराणी ऐकून कळते, पण गाणं पाठ करायला त्यांना शब्द दिसावे लागतात.

तारीख पंचांग बघून धरा. आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गाणी म्हटली जातात, तर झोक्याचं गाणं दोन आठवडे आधी बाहेर हवं, म्हणजे ते पाठ होतं. कानबाई श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, तिच्यासाठीही तेच. तुळशीच्या लग्नानंतर लगीनसराई, दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा, दिवाळीला सुरतेची माणसं गावी. पेरणीच्या दिवसांत नवं काही सोडू नका, तेव्हा माणूस शेतात असतो.

आणि दुसरं गाणं. पहिलं सोडायच्या दिवशी दुसऱ्याचं ध्वनिमुद्रण पूर्ण झालेलं हवं, निदान आवाज तरी. चार-पाच आठवड्यांनंतरची तारीख ठरवा, पहिल्या गाण्याच्या वर्णनात लिहा, व्हॉट्सॲप चॅनेलवर टाका, आणि पहिल्या आठवड्यात ज्याने ज्याने नंबर सेव्ह केला त्याला दुसऱ्या गाण्याचा तो अर्ध्या मिनिटाचा तुकडा आधी पाठवा.