जुन्या पिकअपला नव्या धाटणीचे ब्रेक पेडल : या चुका टाळा

जिनिंगला कापूस आणि कळमन्याच्या बाजारात संत्री वाहणाऱ्या जुन्या, जीपच्या बांधणीच्या पिकअप विदर्भातील खेड्यांत अजूनही कामावर आहेत. यातील बऱ्याच गाड्यांचे ब्रेक पेडल पायाखालच्या पत्र्यातून वर आलेले असते आणि त्याचा मास्टर सिलिंडर (पायाच्या जोराने ब्रेक ऑईल पाइपांत ढकलणारा पंप) त्याच पत्र्याखाली चासीला बसवलेला असतो. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल नेमका तेथेच बसतो, पेडलची बुश झिजते आणि ब्रेक ऑईलची पातळी पाहायची तर पायाखालचे झाकण उचलावे लागते. त्यामुळे वरून लटकणारे पेडल, बूस्टर (व्हॅक्युमच्या, म्हणजे हवा ओढून घेतलेल्या पोकळीच्या, मदतीने पायाचा जोर वाढवणारा डबा) आणि दुहेरी मास्टर सिलिंडर फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर, बसवून घेण्याकडे मालकांचा कल असतो, आणि तो योग्यच आहे. जुन्या एकेरी सिलिंडरमध्ये एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात, दुहेरीमध्ये निदान पुढची किंवा मागची एक जोडी शाबूत राहते. काम बिघडते ते पेडल एका गाडीचे, बूस्टर दुसऱ्या गाडीचा आणि सिलिंडर दुकानात मिळेल तो, अशा जुळवाजुळवीमुळे.

पहिली आणि सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे पेडलचे गुणोत्तर न मोजणे. पेडल ज्या पिनवर फिरते तिच्यापासून पायाच्या पट्टीच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे आणि त्याला त्याच पिनपासून पुशरॉडच्या (पेडलचा जोर सिलिंडरकडे नेणाऱ्या दांडीच्या) भोकापर्यंतच्या अंतराने भागावे. बूस्टर नसलेल्या गाडीत हे उत्तर साधारण ६ आणि बूस्टर असलेल्या गाडीत साधारण ४ येते. पायाने २५ किलोचा जोर दिला, तर ६ पटीच्या पेडलमधून सिलिंडरवर १५० किलो पडतात. सिलिंडरचा व्यास २२.२ मिलिमीटर असेल, तर ब्रेक ऑईलवरचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३९ किलो होतो. आता ‘मोठा सिलिंडर म्हणजे मजबूत ब्रेक’ या समजुतीने २५.४ मिलिमीटरचा सिलिंडर घेतला, तर पाय तेवढाच दाबूनही दाब ३० किलोच्या आसपास उतरतो. आणि त्यात बूस्टरच्या गाडीचे ४ पटीचे पेडल बसवून बूस्टर मात्र लावलाच नाही, तर तो २० किलोवर येतो, म्हणजे ब्रेक जवळजवळ निम्मा होतो. मोठ्या सिलिंडरने पेडल कमी खाली जाते आणि पायाला कडक लागते, म्हणून उभ्या गाडीत ते उत्तम वाटते. फसगत होते ती येथेच. उलट फार लहान सिलिंडर घेतला, तर दाब वाढतो. पण चाकांपर्यंत पुरेसे ऑईल पोचण्याआधीच पेडल तळाला टेकते.

दुसरी चूक डिझेल गाड्यांत हमखास होते. पेट्रोल इंजिनच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये बूस्टरला लागणारा व्हॅक्युम आपोआप तयार होतो, कारण तेथे थ्रॉटलची पाकळी हवा अडवते. जुन्या डिझेल इंजिनांत बहुधा ती पाकळीच नसते, म्हणून मॅनिफोल्डला भोक पाडून नळी जोडण्याचा काहीही उपयोग होत नाही. डिझेलला स्वतंत्र व्हॅक्युम पंप लागतो आणि तो बहुधा अल्टरनेटरच्या मागे जोडलेला मिळतो. या पंपाला इंजिनमधून ऑईलचा पुरवठा आणि ते ऑईल चेंबरमध्ये परत जाण्याची मोकळी वाट, असे दोन्ही द्यावे लागते. परतीची नळी बारीक ठेवली किंवा दुमडली, तर पंपात ऑईल साचते, व्हॅक्युमच्या नळीतून बूस्टरपर्यंत जाते आणि आतला रबरी पडदा खराब करते. व्हॅक्युमची नळीही त्यासाठीच बनवलेली हवी. विहिरीवरच्या मोटारीला लावतात तसला प्लास्टिकचा पाइप इंजिनच्या उष्णतेने मऊ होऊन आतल्या आत मिटतो.

फायरवॉलचा पत्रा जुन्या गाडीत पातळ आणि बऱ्याचदा गंजलेला असतो. त्यावर बूस्टर थेट बोल्टने आवळला, तर ब्रेक दाबताना पत्राच वाकतो आणि पायाचा जोर त्यातच जिरतो. आतून पेडलची चौकट आणि बाहेरून बूस्टर यांच्यामध्ये पत्रा दाबला जाईल अशी ३ ते ४ मिलिमीटरची लोखंडी प्लेट द्यावी आणि चौकटीचा वरचा भाग डॅशबोर्डखालच्या मजबूत पट्टीला बांधावा. पेडल कापून वेल्डिंगने लांब किंवा वाकडे करणे मात्र टाळावे, कारण तो जोड पूर्ण ताकदीने ब्रेक मारण्याच्या क्षणीच तुटू शकतो. पुशरॉड शक्यतो सरळ रेषेत ढकलला जावा. क्लच पेडल जुनेच, खालून आलेले ठेवायचे असेल, तर दोन्ही पट्ट्यांची उंची आधी जुळवून पाहावी.

पुशरॉडची लांबी ही दिसायला क्षुल्लक, पण सर्वाधिक त्रास देणारी बाब आहे. पेडल सोडलेले असताना बूस्टरचा पुशरॉड आणि मास्टर सिलिंडरचा पिस्टन यांच्यामध्ये साधारण अर्धा ते एक मिलिमीटर फट असावी. फट नसेल, तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑईल बाटलीत परत जाण्याचे बारीक छिद्र बंद राहते आणि तापलेले ऑईल फुगून ब्रेक हळूहळू आपोआप लागू लागतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना भरलेली गाडी विनाकारण जड वाटली आणि ड्रमला हात लावणे अशक्य झाले, तर मिस्त्री बहुधा लायनर घासून देतो. दोष तेथे नसतोच. चाके अडकलेली असतानाच, गाडी सपाट जागी चाकांना उटी (अडसर) लावून उभी करून, मास्टर सिलिंडरचे बूस्टरवरचे नट थोडे सैल करावेत. चाके मोकळी झाली, तर पुशरॉड लांब आहे. न झाल्यास अडकलेल्या चाकाची निपल (ऑईल आणि हवा बाहेर काढण्याचा बारीक स्क्रू) किंचित उघडावी. दाबाखालचे ऑईल उडून चाक सुटले, तर चाकाकडे जाणारा जुना रबरी होज (नळी) आतून फुगून बंद झाला आहे किंवा सिलिंडरचा झडपेचा प्रकार चुकला आहे. ड्रम ब्रेकच्या काही मास्टर सिलिंडरमध्ये पाइपात थोडा दाब धरून ठेवणारी झडप असते, आणि पुढे डिस्क बसवल्यावर तोच सिलिंडर ठेवला, तर पॅड डिस्कला घासत राहतात.

पाइपसाठी वाकवायला सोपी म्हणून साध्या तांब्याची नळी वापरू नये. कंपनांनी ती कडक होऊन तडकते. ब्रेकचा स्टील पाइप घ्यावा आणि त्याची टोके दुहेरी घडीची करावीत. ऑईल डॉट ३ किंवा डॉट ४ असावे. इंजिन ऑईलचा एक घोटही चुकून पडला, तर सर्व रबरी वॉशर फुगतात. ताज्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ आणि डॉट ४ चा २३० अंश सेल्सिअस असतो; पण हे ऑईल हवेतील ओलावा शोषते आणि मग तो अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांपर्यंत घसरू शकतो. म्हणून दुकानात उघडा राहिलेला डबा स्वस्तात मिळाला, तरी घेऊ नये.

नवा सिलिंडर गाडीवर चढवण्याआधी टेबलावरच त्यातील हवा काढावी, कारण एकदा बसल्यावर आतला बुडबुडा निघता निघत नाही. एवढे करूनही पेडल खाली जात असेल, तर ते कसे जाते हे पाहावे. दोन-तीनदा मारल्यावर वर येत असेल, तर हवा राहिली आहे किंवा मागचे लायनर ड्रमपासून फार दूर आहेत. हे लायनर न आवळताच सिलिंडर बदलणारे पुष्कळ आहेत. स्थिर दाबून धरल्यावर सावकाश बुडत असेल, तर कुठे तरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे वॉशर आतून पास होत आहेत. पेडल दगडासारखे असेल, तर इंजिन बंद ठेवून ते चार-पाच वेळा दाबावे, मग पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करावे. बूस्टर काम करत असेल, तर पेडल किंचित खाली सरकते.

मालवाहू गाडी आठ वर्षांपेक्षा जुनी झाल्यावर तिचे योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते आणि त्या तपासणीत ब्रेक पाहिले जातात, त्यामुळे बदल करण्याआधी परिवहन कार्यालयात विचारून घेणे शहाणपणाचे ठरते. पहिली चाचणी रिकाम्या गाडीने, मोकळ्या मैदानावर, कमी वेगाने आणि हँडब्रेक व्यवस्थित लागतो याची खात्री करूनच घ्यावी. त्यानंतर अर्धा आणि मग पूर्ण माल भरून पुन्हा पाहावे, कारण रिकाम्या पिकअपची मागची चाके सहज घसरतात आणि तेवढ्यावरून मागचा ब्रेक जास्त आहे असा निष्कर्ष काढून तो कमी केला, तर भरलेली गाडी थांबत नाही.