अफरवटच्या उतारावर बर्फ वाचायला शिकताना

सह्याद्रीत बरीच वर्षे भटकल्यामुळे कोणताही उतार नजरेने जोखता येतो, असा माझा समज होता. काश्मीरमधल्या गुलमर्गला हिमस्खलनाच्या प्रशिक्षणासाठी गेलो तेव्हा तिथल्या अफरवट पर्वतावर मी वाट म्हणून निवडलेला गुळगुळीत, मोकळा उतार प्रशिक्षकांनी मोजायला लावला आणि तो ३६ अंश भरला. बर्फाची अख्खी लादी तुटून येणारी हिमस्खलने बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, कारण त्याहून सौम्य उतारावर बर्फ सहसा घसरत नाही आणि त्याहून उभ्या उतारावर तो फारसा साठतच नाही. कड्याला घाबरायची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना हे पचायला वेळ लागतो.

दुसऱ्या दिवशी सुरक्षित जागी मीटरभर खोल खड्डा खणला. वर वीतभर भुसभुशीत ताजा बर्फ, त्याखाली वाऱ्याने दाबलेला घट्ट थर आणि तळाशी जाड्या साखरेसारखे दाणे, ज्यांचा मुठीत दाबूनही गोळा होईना. हंगामाच्या आरंभी बर्फ पातळ असताना जमिनीची ऊब आणि वरची कडाक्याची थंडी यांच्या ओढाताणीत हे दाणे तयार होतात आणि पुढे कित्येक आठवडे तसेच दबा धरून राहतात. मग थर किती कच्चे आहेत हे पाहण्यासाठी बर्फाचा ३० सेंटिमीटर लांबरुंद खांब कापून त्यावर फावडे ठेवले आणि थापा मारल्या: दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. आमचा खांब तेराव्याच थापेला टेबलाचा खण ओढावा तसा अलगद पुढे सरकला, आणि गटातली बडबड थांबली.

डीआरडीओच्या ‘डीजीआरई’ या संस्थेचे हिमस्खलन-इशारे रोज पाहावेत. मात्र ते विस्तृत प्रदेशासाठी असतात, तुमच्या पायाखालच्या उतारासाठी नव्हेत. हिमवृष्टीनंतर लख्ख उजाडलेल्या पहिल्या दिवशी तर विशेष जपावे, कारण भार नवा असतो आणि मोह अनावर.

ट्रान्सिव्हर (गाडल्या गेलेल्याचा माग देणारे, संकेत पाठवणारे आणि पकडणारे रेडिओयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडे प्रत्येकाजवळ हवे, हे सगळेच सांगतात. माझी फजिती निराळीच झाली. पुरलेली पिशवी शोधण्याच्या सरावात छातीच्या खिशातल्या चालू मोबाइलमुळे माझ्या ट्रान्सिव्हरवरचे आकडे भरकटत राहिले आणि अकरा मिनिटे गेली. गाडला गेलेला माणूस जिवंत हाती लागण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते. फोन बंद करून पुन्हा शोधले, तेव्हा पिशवी चार मिनिटांत सापडली.