दोन ग्राफिक कार्डांचा पीसी करायचाय? मग मदरबोर्ड घेताना स्लॉटच्या लांबीवर जाऊ नका

माझ्याकडे एनव्हिडियाचं एक जीटीएक्स १०८० कार्ड होतंच, तसलंच दुसरं सेकंडहँड स्वस्तात मिळालं, देणाऱ्याने वर दोन कार्डं एकमेकांना जोडणारा ब्रिज पण फुकट दिला. घरी येऊन लावलं, पंखे फिरले, विंडोजला दोन्ही कार्डं दिसली, आणि एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये एसएलआयचा (म्हणजे दोन कार्डांनी मिळून एकच गेम चालवायचा) ऑप्शनच नाही. दोन दिवस नुसतं ड्रायव्हर काढ ड्रायव्हर टाक. शेवटी वैतागून खालचं कार्ड काढलं आणि मोबाईलचा टॉर्च मारून स्लॉटमध्ये बघितलं तर पिना अर्ध्याच्या आतच संपलेल्या, पुढे सगळं रिकामं प्लॅस्टिक. चूक माझीच, बी४५० चिपसेटचा स्वस्तातला बोर्ड घेतलेला, दोन लांब स्लॉट दिसले की झालं असं वाटलेलं.

तर मेन मुद्दा लेनचा आहे, म्हणजे स्लॉटमधून डेटा जायच्या वाटांचा. साध्या डेस्कटॉप प्रोसेसरकडे ग्राफिकसाठी १६ लेन असतात, एएम४ सॉकेटच्या एएमडी रायझनला एकूण २४, त्यातल्या १६ कार्डाला, ४ एनव्हीएमई एसएसडीला आणि ४ चिपसेटकडे (बोर्डवरची यूएसबी वगैरे बाकीची कामं बघणारी चिप) जाणाऱ्या. आता दोन कार्डं लावायची तर ह्याच १६ चे ८ आणि ८ करावे लागतात आणि ते करायला बोर्डवर वेगळ्या स्विच चिप्स लागतात, त्यांचा खर्च असतो, म्हणून स्वस्त बोर्डवाले ती भानगडच करत नाहीत, वरच्या स्लॉटला १६ देऊन टाकतात आणि खालच्या लांब स्लॉटला चिपसेटमधून ४ लेन ओढतात. एनव्हिडियाच्या एसएलआयला प्रत्येक कार्डाला कमीत कमी ८ लागतात, ४ वर तो चालूच होत नाही. एएमडीचं क्रॉसफायर (त्यांचं एसएलआयसारखंच) मात्र ४ वर पण चालायचं, म्हणून बॉक्सवर क्रॉसफायर लिहिलंय आणि एसएलआयचं नाव नाही असं दिसलं की समजून जायचं. शिवाय एसएलआयला बोर्ड कंपनीकडे एनव्हिडियाचं लायसन्स पण लागतं, नुसत्या ८-८ लेन असून भागत नाही.

मग बघायचं काय? कंपनीच्या साइटवर बोर्डच्या स्पेसिफिकेशनमध्ये एक्सपान्शन स्लॉटचा भाग काढा. तिथे "एक्स१६ किंवा एक्स८/एक्स८" (एक्सपुढचा आकडा म्हणजे लेन) असं आणि ते प्रोसेसरकडून येतंय असं लिहिलेलं पाहिजे. दुसऱ्या स्लॉटपुढे "एक्स४ मोड" किंवा चिपसेट लिहिलं असेल तर तो लांब दिसतो तेवढाच. दुकानात बोर्ड हातात मिळाला तर स्लॉटमध्ये डोकावून बघा, ८ लेनवाल्यात पिना अर्ध्याच्या थोड्या पुढे जातात, ४ वाल्यात अर्ध्यापर्यंत पण पोचत नाहीत.

एएम४ मध्ये एक्स४७० आणि एक्स५७० चे वरच्या रेंजचे बोर्ड शोधा, गिगाबाइटचा एक्स५७० ऑरस मास्टर किंवा आसुसचा क्रॉसहेअर ८ हिरो वगैरे. इंटेलला झेड३९०, झेड४९० अशा झेडवाल्यातच बघा, त्या काळच्या बी आणि एच सिरीजला १६ लेन फोडताच येत नाहीत. आणि प्रोसेसर पण बघा हां, रायझन ३४००जी सारख्या त्या पिढीच्या जी वाल्या चिपला ग्राफिकसाठी मुळात ८ च लेन आहेत, मग बोर्ड कितीही भारी घ्या, ८ चे ८-८ कुठून होणार.

आता जागेचं. एका स्लॉटपासून पुढचा स्लॉट २०.३२ मिलीमीटरवर असतो आणि आजकालची कार्डं अडीच-तीन स्लॉट खातात. दोन लांब स्लॉटांमध्ये निदान ३ जागांचं अंतर पाहिजे, नाहीतर वरच्या कार्डाचा पंखा खालच्याच्या पाठीला चिकटतो आणि मे महिन्यात आपल्याकडे काय होतं ते सांगायला नको. ब्रिज पण त्या अंतराप्रमाणेच घ्यावा लागतो. एटीएक्स बोर्डवर ७ स्लॉटांच्या जागा असतात, दुसरा लांब स्लॉट अगदी सातव्या जागी असेल तर कार्ड बोर्डच्या खाली लटकतं, त्याला मागे ८ पट्ट्यांचं कॅबिनेट लागतं, आणि बोर्डच्या खालच्या कडेला असलेल्या पॉवर बटणाच्या, यूएसबीच्या वायरी त्याखाली दबतात. ह्या सगळ्या गोष्टी बोर्डचा वरून काढलेला फोटो झूम करून दिसतात.

एसएमपीएसचं (पॉवर सप्लायचं) थोडक्यात: १०८० एक १८० वॅटचं, १०८० टीआय २५० चं, दोन दुणे करून प्रोसेसर धरा आणि वर चांगली ढील ठेवा. प्रत्येक कार्डाला वेगळी केबल.

एवढं सगळं सांगून एक खरं बोलतो, नवीन गेमसाठी हे करू नका राव. एनव्हिडियाने १ जानेवारी २०२१ पासून नवीन एसएलआय प्रोफाइल (एखाद्या गेममध्ये दोन कार्डं चालावीत म्हणून ड्रायव्हरमध्ये असलेल्या सेटिंग) देणं बंद केलं, ब्रिजची जागा असलेलं शेवटचं गेमिंग कार्ड आरटीएक्स ३०९० टीआय, ४० सिरीजला ती नाहीच. शॅडो ऑफ द टूम रेडर, रेड डेड रिडेम्प्शन २ अशा मोजक्या गेममध्ये सपोर्ट गेममध्येच आहे. आणि दोन ८ जीबी कार्डांची १६ जीबी होत नाही, दोघांमध्ये तोच डेटा असतो. जुने गेम, जुनी कार्डं, हौस, एवढ्यासाठी ठीक आहे.

हल्ली दोन कार्डांचं दुसरंच फॅड आहे, लॉसलेस स्केलिंग नावाचं स्टीमवरचं ॲप. एक कार्ड गेम चालवतं, दुसरं मधल्या फ्रेम बनवतं, मॉनिटरची केबल दुसऱ्याला लावायची. ह्याला ब्रिज, लायसन्स, सारखी कार्डं काही लागत नाही, एक एनव्हिडिया एक एएमडी चालतं. इथे ४ लेनचा स्लॉट पण भागवतो, फक्त तो पीसीआय एक्सप्रेस ४.० (स्लॉटची पिढी) असला तर बरं, कारण ३.० मध्ये एका लेनला जेमतेम १ जीबी सेकंदाला जातं, ४.० मध्ये त्याच्या दुप्पट. माझा जुना बोर्ड मी काढून टाकला नसता तरी चाललं नसतं, बी४५० च्या चिपसेटच्या लेन तर २.० च्या आहेत.

सगळं जोडून झालं की जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं ॲप) उघडा, बस इंटरफेसच्या शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून रेंडर टेस्ट लावा, कारण कार्ड निवांत असताना स्पीड खाली पडलेला दिसतो आणि माणूस उगाच घाबरतो. एसएलआय करायचं असेल तर टेस्ट चालू असताना दोन्हीकडे ८ दिसलं पाहिजे. एकीकडे ४ दिसलं तर मॅन्युअलमधला लेन शेअरिंगचा तक्ता काढा, काही बोर्डांवर एखादा एम डॉट टू (एसएसडीचा) स्लॉट भरला की खालच्या कार्डाच्या लेन जातात, एसएसडी काढून दुसरीकडे लावून बघा.