श्लीफेन योजना कशी अभ्यासावी

श्लीफेन योजना म्हणजे बेल्जियममार्गे वळसा घालून आधी फ्रान्सला झटपट हरवायचे आणि मग रशियाकडे वळायचे, ही जर्मन लष्कराची आखणी. तिच्याकडे आणि पहिल्या महायुद्धापूर्वीच्या इतर जर्मन युद्धयोजनांकडे वळताना बाणांनी भरलेला तयार नकाशा आधी बाजूला ठेवावा, कारण त्यावरचा जर्मन सैन्याच्या उजव्या, म्हणजे उत्तरेकडच्या, बाजूने पॅरिसला वळसा घालणारा मोठा बाण अनेक वर्षांच्या मसुद्यांना एकच योजना असल्यासारखे दाखवतो. त्याऐवजी 1914 च्या सीमा दाखवणारा कोरा नकाशा घ्यावा आणि त्यावर व्हर्दंपासून बेल्फोरपर्यंतची फ्रेंच किल्ल्यांची रांग, बेल्जियममधील लिएज, जर्मन हद्दीतील आखेन आणि त्या दोहोंच्या उत्तरेस खाली लोंबणारे नेदरलँड्सचे मास्ट्रिख्टचे टोक एवढेच खुणावून ठेवावे.

मग प्रत्येक कागदाची तारीख पाहावी. आल्फ्रेड फॉन श्लीफेन 1891 ते 1906 या काळात जनरल स्टाफचे, म्हणजे युद्धयोजना आखणाऱ्या लष्करी मुख्यालयाचे, प्रमुख होते, आणि त्यांचे प्रसिद्ध टिपण 1905 च्या डिसेंबरातले, म्हणजे निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे आहे. त्या वेळी रशिया जपानकडून हरून खिळखिळा झाला होता, त्यामुळे पूर्वेकडचा धोका कमी वाटत होता. शिवाय टिपणात मोजलेल्या काही तुकड्या तेव्हा अस्तित्वातच नव्हत्या, म्हणून ते जितके रणयोजनेचे तितकेच सैन्यवाढीच्या मागणीचे कागद मानावे, असे माझे मत आहे.

यानंतर मसुद्यांमधील फरक शोधावेत; खरा अभ्यास इथेच आहे. श्लीफेन यांच्या टिपणातील उजवी फळी नेदरलँड्समधूनही जाणार होती. त्यांच्यानंतर आलेल्या धाकट्या मोल्टके यांनी तो देश वगळला, कारण युद्ध लांबले तर तटस्थ डच बंदरांतून व्यापार चालू राहावा अशी त्यांची इच्छा होती. पण तेवढ्याने दोन सेनांना आखेनजवळच्या चिंचोळ्या पट्ट्यातून जाणे भाग पडले आणि वाटेवरचे लिएज, त्याभोवतीच्या 12 किल्ल्यांसह, पहिल्या काही दिवसांतच घ्यावे लागणार होते. नकाशावर बोट ठेवून हे पाहिले की एक राजकीय परिणाम उलगडतो: सैन्याची जमवाजमव पूर्ण होण्याआधीच बेल्जियमची तटस्थता मोडणे या योजनेत अटळ झाले होते, त्यामुळे मुत्सद्द्यांना बोलणी करायला वेळच उरत नव्हता.

रेल्वेचे वेळापत्रक हे स्वतंत्र साधन समजावे. 1 ऑगस्ट 1914 रोजी कैसर विल्हेल्म यांनी सारे सैन्य पूर्वेकडे वळवण्याची कल्पना मांडली तेव्हा आधीच आखलेली सैन्याची हालचाल ऐनवेळी बदलणे अशक्य असल्याचे मोल्टके यांनी सांगितले; केवळ पूर्वेकडे मोठी चढाई करण्याची पर्यायी योजना 1913 मध्येच अद्ययावत करणे थांबवलेले होते.

योजना आणि महत्त्वाकांक्षा एकाच वहीत लिहू नयेत. जनरल स्टाफने युद्ध कसे लढायचे हे ठरवले. ते कशासाठी लढायचे याचा शोध चॅन्सेलर बेटमान होल्वेग यांच्या कागदांत घ्यावा. त्यांपैकी बेल्जियमला अंकित राज्य करण्याचा विचार मांडणारा मसुदा 9 सप्टेंबर 1914 चा आहे. तो युद्ध सुरू झाल्यानंतरचा असल्याने युद्धापूर्वीच्या हेतूचा थेट पुरावा म्हणून वापरताना त्याला आधीच्या तारखेचा आधार शोधावाच लागतो, आणि 1945 च्या बॉम्बहल्ल्यात पॉट्सडॅम येथील लष्करी दफ्तराचा मोठा भाग जळाल्यामुळे तो आधार पुष्कळदा मिळत नाही.