मंडळीची (चर्चची) वार्षिक सभा: नव्या सेक्रेटरीसाठी

आधी सभासदांची वही उघडा. मत कोणाला, हे मंडळीच्या घटनेत पाहा; आमच्याकडे दृढीकरण झालेल्यांनाच, म्हणजे ज्यांनी कळत्या वयात मंडळीपुढे आपला विश्वास कबूल केला त्यांनाच. ज्याचा सभासदत्वाचा दाखला पुण्या-मुंबईच्या मंडळीत गेला, त्याचं नाव कमी करा, मग तो पाळकसाहेबांचा (पास्टरांचा) मेहुणा का असेना.

सभेची सूचना सलग दोन रविवार उपासनेत वाचा, दारावरही लावा. पंच, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारे, निवडताना चिठ्ठ्याच टाका. हात वर करायला लावलं की सुना सासऱ्याकडे बघून हात वर करतात.

दान दोघांनी मोजायचं, तेही एका घरातल्या नव्हे. तिथल्या तिथे वहीत सह्या.

नाजूक काम शिस्तीचं, म्हणजे चुकलेल्या सभासदाला वळणावर आणायचं. बायबलमधल्या मत्तय १८:१५-१७ मधला क्रम मोडू नका: आधी एकट्याने जाऊन बोला, ऐकलं नाही तर एक-दोन जणांना सोबत न्या, मगच मंडळीपुढे. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. पारावर चर्चा आधी, त्या माणसाला शेवटी कळतं. प्रभुभोजनापासून (उपासनेतल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीपासून) कोणाला दूर ठेवायचं तर पाळक आणि पंच मिळून ठरवोत, पाळकाने एकट्याने नाही. इतिवृत्तात कारण एका ओळीत लिहा, घरच्यांची नावं नकोत. आणि फेरविचाराची तारीख त्याच ठरावात टाका, नाहीतर माणूस वर्षानुवर्षं मागच्या बाकावर बसून राहतो.