श्रीरंगपट्टणचा तह (१७९२) अभ्यासताना या चुका टाळा

तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धाचा शेवट करणारा हा तह टिपू आणि इंग्रज या दोघांतलाच होता असं धरून चालू नका. टिपूसमोर तीन विजेते उभे होते: इंग्रजांचा गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिस, पेशव्यांकडून हरिपंत फडके आणि निजामाचा मुलगा सिकंदरजाह. मराठी वाचकाने तरी हरिपंतांना तळटीपेत ढकलू नये. वाटणीचं मूळ सूत्र लढाईच्या सुरुवातीलाच, जून १७९० च्या पुण्याच्या करारात ठरलं होतं, त्यामुळे वाचायला सुरुवात तिथून करा.

तहानुसार टिपूला अर्धं राज्य द्यावं लागलं, आणि सगळ्यात जास्त घोटाळा या 'अर्ध्या राज्या'चा होतो. नकाशावर फूटपट्टी ठेवून अर्धा भाग शोधलात तर हिशेब कधीच जुळणार नाही. अर्धं मोजलं ते महसुलावर. टिपूचा वसूल सुमारे २ कोटी ३७ लाख रुपये धरला गेला. त्याच्या निम्म्याचे तीन भाग केले की प्रत्येकाला सुमारे ३९.५ लाखांचा मुलूख येतो. म्हणजे भांडण परगण्यांच्या आकड्यांवर होतं, आणि ते आकडे टिपूच्या दप्तरातून यायचे. विजेत्यांना त्यांचा भरवसा वाटेना, यात नवल नाही.

वाटे आकड्याने सारखे होते, वजनाने नव्हते. मराठ्यांची हद्द तुंगभद्रेपर्यंत गेली. इंग्रजांनी मलबार, दिंडिगल, बारामहाल घेतले, म्हणजे किनारा आणि म्हैसूरकडे चढणारे घाट त्यांच्या हातात आले. कोडगूवरून (कूर्ग) तर बोलणी मोडायची वेळ आली. तो प्रदेश टिपूच्या राजधानीलगत होता, इंग्रजांच्या जुन्या हद्दीला लागून नव्हता. कॉर्नवॉलिसने पुन्हा वेढ्याची तयारी केली, तेव्हा टिपू नमला. ३ कोटी ३० लाखांची खंडणी आणि दोन मुलगे ओलीस, हे बहुतेकांना पाठ असतं. कोडगू मात्र उत्तरात सापडत नाही.

टिपूचं राज्य पूर्ण का बुडवलं नाही, याचं श्रेय एकट्या कॉर्नवॉलिसच्या संयमाला देऊ नका. म्हैसूर नाहीसं झालं असतं तर इंग्रजांचा भार पुणे आणि हैदराबादवर पडला असता, हे पुण्याच्या कारभाऱ्यांना कळत होतं.

पुढची अडचण मराठे आणि निजाम यांच्यातल्या खर्ड्याच्या लढाईची. १७९२ चे दोस्त मार्च १७९५ मध्ये एकमेकांवर कसे चालून गेले? टिपूने पुन्हा हल्ला केला तर तिघांनी एकत्र यायचं, एवढं १७९० च्या करारात होतं. ते कसं, हे नंतर ठरवायचं होतं. कॉर्नवॉलिसने त्यासाठी हमीचा तह पुढे केला, पुण्याने तो स्वीकारला नाही. मराठे आणि निजाम यांच्यातली चौथाईची जुनी तक्रारही तशीच राहिली. निजामाने मदत मागितली तेव्हा कॉर्नवॉलिसनंतरचा गव्हर्नर-जनरल जॉन शोअर तटस्थ राहिला.

नकाशे जुळत नसतील तर वर्ष तपासा. मंगळूर आणि कानडा किनारा इंग्रजांकडे १७९९ मध्ये गेला. कडप्पा, बेल्लारी १७९२ मध्ये निजामाला मिळाले. कंपनीला ते त्याच्याकडून १८०० मध्ये मिळाले.