कॉम्प्युटरचे फॅन नीट चालतात का, हे कसे तपासावे?

कॉम्प्युटर संथ झाला, गेम अडखळू लागला किंवा मशीन मध्येच बंद पडू लागलं, की पहिला संशय व्हायरसवर जातो. त्याआधी फॅन बघून घ्या. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि तरीही तापमान उतरलं नाही तर मशीन थेट बंद होतं.

फॅन फिरतोय एवढ्यावर मात्र समाधान मानू नका. उष्णता वाढली की त्याचा वेग वाढायला हवा आणि हवा योग्य दिशेने जायला हवी. रंगीत दिव्यांवर तर मुळीच जाऊ नका. दिव्यांची वायर बहुतेक वेळा वेगळी असते, त्यामुळे बंद पडलेला फॅनही छान झगमगत राहतो.

आधी कान लावा

खोलीत शांतता करून मशीन सुरू करा. पहिले काही सेकंद फॅन जोरात फिरून मग शांत झाले, तर ते नेहमीचंच. खरखर किंवा घरघर येत असेल तर बेअरिंग झिजलंय. एका लयीत टकटक होत असेल, तर बहुधा एखादी वायर पात्यांना लागतेय. ती बाजूला बांधली की काम झालं. काहीच आवाज नसेल तरी घाबरू नका. अनेक ग्राफिक्स कार्डांचे आणि काही पॉवर सप्लायचे फॅन काम हलकं असताना मुद्दामच थांबतात. एम1 आणि त्यापुढच्या मॅकबुक एअरमध्ये तर फॅनच नसतो.

मग आकडे बघा

मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ2 दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जा (काही कंपन्यांची की वेगळी असते). तिथे हार्डवेअर मॉनिटर किंवा तशाच नावाच्या पानावर प्रत्येक फॅनचा आरपीएम, म्हणजे मिनिटाला होणारे फेरे, दिसतात. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर हा आकडा दाखवत नाही. त्यासाठी एचडब्ल्यूइन्फो किंवा एचडब्ल्यूमॉनिटर घ्या, दोन्ही फुकट मिळतात. लिनक्सवर एलएम-सेन्सर्स आहे.

एखाद्या ओळीत शून्य दिसलं तर लगेच फॅन गेला असं समजू नका. मदरबोर्डवरची, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या मुख्य बोर्डावरची, ती जागा रिकामी असू शकते. शिवाय थेट पॉवर सप्लायला जोडलेल्या फॅनचा वेग बोर्डाला कळत नाही, आणि एका हबवर (अनेक फॅन एकत्र जोडायच्या पट्टीवर) चार फॅन असले तरी आकडा साधारण एकाचाच दिसतो. म्हणून आत फॅन किती आहेत ते आधी मोजा.

आता मशीन काही न करता थोडा वेळ तसंच राहू द्या आणि तापमान व आरपीएम लिहून ठेवा. मग एखादा जड गेम किंवा स्ट्रेस टेस्ट (मशीनवर मुद्दाम पूर्ण ताण देणारा प्रोग्रॅम) दहा मिनिटं चालवा आणि दोन्ही आकड्यांवर नजर ठेवा. तापमान 45 वरून 75 अंशांवर गेलं आणि आरपीएम 800 वरून 1400 झाला, तर सगळं ठीक. तापमान 95 कडे धावतंय आणि आरपीएम 800 वरच अडकलाय, तर टेस्ट लगेच थांबवा. इथेही फॅन लगेच बदलू नका, आधी बायोसमधली फॅन सेटिंग बघा. अनेकदा ती सायलेंटवर किंवा एकाच वेगावर बांधलेली असते आणि लोक उगाच नवा फॅन आणतात. उलट, आरपीएम पूर्ण चढूनही तापमान हटत नसेल तर फॅन निर्दोष आहे. हीटसिंकमध्ये (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांमध्ये) धूळ अडकलीय, हीटसिंक नीट बसलेला नाही किंवा त्या दोघांमधली, उष्णता पुढे नेणारी थर्मल पेस्ट वाळलीय.

शेवटी बॉक्स उघडा

मशीन बंद करून प्लग काढा आणि पॉवर बटण काही सेकंद दाबून ठेवा. पातं बोटाने हलकेच फिरवा. चांगला फॅन सहज फिरतो आणि हळूहळू थांबतो. जो अडकतो किंवा डुगडुगतो, त्याचे दिवस भरलेत. धूळ उडवताना पाती धरून ठेवा, नाहीतर हवेच्या झोताने फॅन भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं.

झाकण उघडं ठेवून मशीन पुन्हा सुरू करा. आता बोटं लांब. टिश्यू पेपरची पट्टी टोकाला घट्ट धरून प्रत्येक फॅनच्या बाहेरच्या बाजूला न्या. बहुतेक कॅबिनेटमध्ये पुढचा फॅन ती आत ओढतो, मागचा बाहेर ढकलतो. दोन्हीकडे पट्टी बाहेरच उडत असेल, तर पुढचा फॅन उलटा बसलाय. सहसा ज्या बाजूला फ्रेमच्या आडव्या पट्ट्या असतात, तिकडून हवा बाहेर पडते.

पॉवर सप्लाय मात्र उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) धोकादायक विद्युतभार उरलेला असतो. त्याची परीक्षा बाहेरून, कागदाच्या पट्टीनेच.

लॅपटॉप असेल तर जड काम चालू करून कडेच्या झरोक्यापाशी हात धरा. गरम झोत लागला पाहिजे. आत फॅनचा आवाज मोठा आणि बाहेर झोत नाममात्र, म्हणजे धूळ साचलीय.

नवा फॅन घेताना जुन्याचा आकार (बहुधा 120 किंवा 140 मिलिमीटर) आणि पिना बघा. तीन पिनांचा फॅन चार पिनांच्या जागी बसतो, पण बायोसमध्ये डीसी मोड (व्होल्टेज कमी-जास्त करून वेग बदलणारी सेटिंग) निवडला नाही तर तो सतत पूर्ण वेगाने फिरतो. आणि प्रोसेसरचा फॅन ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या जागीच लावा. दुसरीकडे लावलात तर तो मजेत फिरेल, पण बरेच बोर्ड सुरू होतानाच फॅन एरर दाखवून अडून बसतात.